ईबेवर घरचं सामान विकताना: खरेदीदाराच्या फीचा हिशेब आधी मांडा

मुलाची पाच नंबरची क्रिकेट बॅट त्याला आखूड पडायला लागली, तेव्हा मी ती ईबेवर साठ पौंडांना लावली. इंग्लिश विलो, दोन सीझन खेळलेली, कडेला टेप, पण लाकूड ठणठणीत. तीन आठवडे गेले. सहा जणांनी ती वॉचलिस्टमध्ये टाकून ठेवली होती, घेत मात्र कुणीच नव्हतं. एका रात्री नवऱ्याच्या फोनवरून, म्हणजे माझ्या अकाउंटच्या बाहेरून, तीच लिस्टिंग उघडली आणि उलगडा झाला. मी लिहिलेली किंमत ६० पौंड. समोरच्याला दिसत होती ६३ पौंड १० पेन्स.

मधले तीन पौंड दहा पेन्स ही ‘बायर प्रोटेक्शन फी’, म्हणजे ईबे खरेदीदाराकडून घेतं ती फी. ती मला भरायची नव्हती, म्हणून मी तिच्याकडे लक्षच दिलं नव्हतं. हीच चूक इथे ब्रिटनमध्ये आपल्यातले कितीतरी जण करताना मी बघते. फी ग्राहकाच्या नावावर लिहिलेली असली तरी ग्राहक खिशातून जाणारा एकूण आकडाच बघतो. त्यामुळे किंमत ठरवताना तिथूनच सुरुवात करायला हवी. माळा आवरणाऱ्यांसाठी आणि भारतात परत निघालेल्यांसाठी हा सगळा हिशेब इथे सविस्तर मांडते आहे.

आधी फी समजून घ्या

ऑक्टोबर २०२४ पर्यंत ईबे खासगी विक्रेत्याकडून साधारण १२.८ टक्के आणि वर ३० पेन्स कापून घ्यायचं, तेही पोस्टेज धरून झालेल्या एकूण रकमेवर. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशांतर्गत विक्रीसाठी ही फी काढून टाकली (गाड्या वगळून). सगळ्यांना वाटलं, आता सगळं फुकट. मग ४ फेब्रुवारी २०२५ पासून खासगी विक्रेत्यांच्या वस्तूंवर खरेदीदाराची फी सुरू झाली. सुरुवातीला प्रत्येक वस्तूमागे ७५ पेन्सपर्यंत ठोक रक्कम होती आणि स्वस्त वस्तूंना ती फार जड जायची. नंतर रचना बदलली, ती अशी:

वस्तूमागे १० पेन्स ठोक. त्यावर किमतीच्या पहिल्या २० पौंडांवर ७ टक्के, २० ते ३०० पौंडांच्या भागावर ४ टक्के, ३०० ते ४,००० पौंडांच्या भागावर २ टक्के. ४,००० च्या वरच्या भागावर काही नाही.

हे इन्कम टॅक्सच्या स्लॅबसारखं आहे. किंमत २० च्या वर गेली म्हणून सगळ्या रकमेचा दर बदलत नाही, फक्त वरच्या भागाचा बदलतो. त्यामुळे ५ पौंडांच्या वस्तूवर फी ४५ पेन्स, १० वर ८० पेन्स, २० वर दीड पौंड, ६० वर ३.१०, १२० वर साडेपाच पौंड आणि ३०० वर १२.७० पौंड. ही रचना एकदा बदलली आहे, पुन्हाही बदलू शकते. म्हणून महागडी वस्तू लावण्याआधी ईबेच्या मदत पानावर दर एकदा बघून घ्या.

बिझनेस अकाउंटवरून विकणाऱ्यांच्या वस्तूंवर ही फी लागत नाही. त्यांच्याकडून ईबे जुन्या पद्धतीनं त्यांचीच फी घेतं. म्हणजे तुमची वापरलेली वस्तू आणि एखाद्या दुकानदाराची तशीच वस्तू यादीत शेजारी-शेजारी दिसतात, तेव्हा तुमच्या आकड्यात फी मिसळलेली असते. दिसणाऱ्या किमतीखाली ‘बायर प्रोटेक्शनसह’ अशा अर्थाची ओळ असली तर विक्रेता खासगी आहे असं समजा.

किंमत उलटीकडून काढा

हा भाग नीट वाचा, कारण पैसे वाचतात ते इथेच.

पहिलं काम: ईबेवर तुमच्यासारखी वस्तू शोधा आणि फिल्टरमध्ये ‘सोल्ड आयटम्स’ निवडा. लोक काय मागताहेत त्याला किंमत देऊ नका, प्रत्यक्षात कितीला गेलं ते बघा. खासगी विक्रेत्यांच्या बाबतीत तिथे दिसणारा आकडा हा ग्राहकानं मोजलेला आकडा असतो, फी त्यात आलेली असते. चार-पाच विक्री बघितल्या की बाजारभावाचा अंदाज येतो. समजा तुमच्या वस्तूचा बाजारभाव ५० पौंड निघाला.

दुसरं काम: त्या आकड्यातून फी बाजूला काढा. ग्राहकाला दिसणारी रक्कम २१.५० पौंडांपर्यंत असेल तर तिच्यातून १० पेन्स वजा करा आणि उरलेल्याला १.०७ ने भागा. २१.५० च्या वर असेल तर तिच्यातून २१.५० वजा करा, उरलेल्याला १.०४ ने भागा आणि त्यात २० मिळवा. ग्राहकाचा आकडा ३१२.७० च्या वर जातो तिथे पुढच्या भागाला १.०२ ने भागायचं, पण घरच्या सामानात एवढी वेळ क्वचितच येते.

५० चं उदाहरण घेऊ. ५० वजा २१.५० म्हणजे २८.५०. भागिले १.०४, आले २७.४०. अधिक २०, म्हणजे ४७.४०. लिस्टिंगमध्ये तुम्ही ४७.४० लिहिलंत की समोर ५० दिसतात आणि तुमच्या हातात ४७.४० पडतात. लिस्टिंग भरताना ग्राहकाला दिसणारी किंमत ईबे स्वतःच दाखवतं, पण हिशेब आपल्याला येत असला की घासाघीस करताना गडबड होत नाही.

गोल आकड्याच्या किंचित खाली थांबायची सवय दुकानदारांना असते, ती इथेही उपयोगी पडते. समोर १९.९९ दिसायला हवेत तर १८.५९ लिहा. २४.९९ साठी २३.३६. आपण २० लिहिले की समोर २१.५० दिसतात, आणि २० पर्यंतच्या वस्तू शोधणाऱ्या माणसाच्या यादीतून आपली वस्तू बाहेर पडते. किमतीचा फिल्टर लावणारे ग्राहक खूप असतात.

माझ्या बॅटला मी ५७.०१ लिहिलं, समोर ५९.९९ झालं. चार दिवसांत गेली. तीन पौंड कमी मिळाले हे खरं. पण जुन्या पद्धतीत ६० ची बॅट आणि ४ पौंड पोस्टेज असं धरलं असतं तर ६४ वर साधारण साडेआठ पौंड कापले गेले असते आणि पोस्टेज भरून माझ्या हातात साडेएक्कावन्न राहिले असते. म्हणजे सगळी फी मी स्वतःच्या अंगावर घेतली तरी आधीपेक्षा साडेपाच पौंड जास्त मिळाले. ‘ईबेवर आता परवडत नाही’ असं म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी हा हिशेब कागदावर मांडून दाखवते.

ऑफर आणि लिलाव

ग्राहक ऑफर देतो ती त्याच्या बाजूची रक्कम असते, फी धरून. त्यानं २० म्हटलं की तुमच्या वाट्याला १८.६० येतात. त्यामुळे ऑफर स्वीकारण्याआधी ‘तुम्हाला मिळतील’ या ओळीतला आकडा वाचा, मोठ्या अक्षरातला नको. मी प्रत्येक वस्तूसाठी आधीच ठरवते की हातात किमान किती यायला हवेत, आणि तो आकडा वस्तूच्या खोक्यावरच पेन्सिलनं लिहून ठेवते. रात्री अकरा वाजता ऑफर येते, झोप आलेली असते, अशा वेळी तो आकडा उपयोगी पडतो.

लिलावातही बोलीत फी धरलेली असते. ९९ पेन्सपासून बोली सुरू करायचा सल्ला अजून ऐकू येतो. ज्या वस्तूसाठी दहा जण नक्की भांडतील तिथेच तो ठीक आहे. मुलांचे कपडे, कुकर, पुस्तकं यांना ठरलेली किंमत लावणंच बरं.

कुठली वस्तू कुठे

ईबे हा एकच बाजार नाही. व्हिंटेड ही मूळची लिथुआनियाची कंपनी, तिथे विक्रेत्याला फी नाही आणि खरेदीदाराला साधारण ५ टक्के अधिक ७० पेन्स पडतात. ३ पौंडांच्या टी-शर्टवर व्हिंटेडची फी ८५ पेन्स होते, ईबेची ३१ पेन्स. ६० च्या जॅकेटवर दोन्हींत फक्त ६० पेन्सचा फरक. मात्र व्हिंटेडवर ठोक रक्कम ऑर्डरमागे एकदाच लागते, ईबेवर वस्तूमागे. म्हणून व्हिंटेडवर एकेक टी-शर्ट विकत बसू नका. शाळेचे पाच पोलो शर्ट आणि दोन फुलपॅंट असा एकत्र गठ्ठा करा. शाळेचे कपडे जुलैच्या शेवटी आणि ऑगस्टमध्ये लावा, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना कुणी विचारत नाही.

डेपॉप या कपड्यांच्या ॲपनं ब्रिटनमध्ये मार्च २०२४ मध्ये विक्रीची फी काढली आणि ग्राहकावर ५ टक्क्यांपर्यंत अधिक १ पौंडापर्यंत फी आणली, पण पैसे वळते करण्याचा खर्च तिथे विक्रेत्याकडेच राहिला आहे, २.९ टक्के आणि ३० पेन्स. तरुण मुलामुलींच्या फॅशनच्या कपड्यांसाठी ते ठीक.

सोफा, पलंग, डायनिंग टेबल यांना फेसबुक मार्केटप्लेस किंवा गमट्री बरं, कारण ते माणूस घरी येऊनच नेणार. तिथे फसवणुकीचा एक ठरलेला प्रकार आहे. ‘मी बाहेरगावी आहे, माझा कुरियरवाला पाकिटात रोख घेऊन येईल, तुम्ही फक्त या लिंकवर कार्डाचे तपशील भरा’. असा मेसेज आला की उत्तरही देऊ नका, सरळ ब्लॉक करा.

फी ग्राहकावर टाकणं सगळीकडे पचलेलं नाही. अमेरिकेत मर्कारी या अशाच ॲपनं मार्च २०२४ मध्ये विक्रेत्यांची फी काढून ग्राहकांवर टाकली आणि जानेवारी २०२५ मध्ये विक्रेत्यांची १० टक्के फी परत आणली. कुठल्याही एका ॲपवर सगळी भिस्त ठेवू नका.

पार्सल: वजन आणि माप

एप्रिल २०२५ पासून ईबेनं ‘सिंपल डिलिव्हरी’ टप्प्याटप्प्यानं आणली. बहुतेक खासगी विक्रेत्यांच्या वस्तूंना लेबल ईबेच देतं, पैसे ग्राहक भरतो, ट्रॅकिंग आपोआप होतं. तुमचं काम एवढंच, वजन आणि माप खरं सांगायचं. नेमकं इथेच मी चुकले होते.

बॅटच्या आधी विकलेल्या एका खेळण्याच्या वेळची गोष्ट. खेळणं मोजलं, खोकं मोजलंच नाही. बबल रॅप आणि दुहेरी पुठ्ठा घातल्यावर ते चार बोटं फुगलं. कुरियर कंपनीच्या गोदामात मशीननं पुन्हा मोजलं आणि वरच्या गटाचा फरक माझ्याकडून वसूल झाला. नऊ पौंडांच्या विक्रीवर. तेव्हापासून क्रम ठरलेला: आधी पॅक करायचं, मग मापायचं, मग लिस्टिंग लावायची.

स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि शिवणाची टेप पुरते. रॉयल मेलची मापं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. ‘लार्ज लेटर’ म्हणजे ३५.३ × २५ × २.५ सेंमी आणि ७५० ग्रॅमपर्यंत. मराठी पुस्तकं, साधी ओढणी, मुलांचे टी-शर्ट यांतलं बरंच काही नीट घडी घातलं तर या अडीच सेंटिमीटरमध्ये बसतं. ‘स्मॉल पार्सल’ ४५ × ३५ × १६ सेंमी, २ किलोपर्यंत. ‘मिडियम’ ६१ × ४६ × ४६ सेंमी. बॅट ६१ मध्ये बसत नाही, लांब पार्सल घेणारा पर्याय निवडावा लागतो.

स्वस्त वस्तूच्या बाबतीत ग्राहकाला फीपेक्षा टपालखर्चच जास्त खटकतो. चार पौंडांच्या वस्तूवर फी ३८ पेन्स, टपाल त्याच्या कितीतरी पट. अशा वस्तू एकत्र करूनच विका.

पॅक करताना फोनवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढा: वस्तू चारी बाजूंनी, चालू करून, मग खोक्यात घालून, टेप लावून, लेबल दिसेपर्यंत. फोन किंवा टॅबलेट विकत असाल तर आयएमईआय नंबरही (त्या यंत्राचा ओळख क्रमांक) त्यात येऊ द्या आणि पाठवण्याआधी आपल्या अकाउंटमधून साइन आउट करून फॅक्टरी रिसेट करा.

खोट लपवू नका, फोटो काढून दाखवा. खासगी विक्रीला दुकानातल्या खरेदीसारखा चौदा दिवसांत परत करायचा हक्क नसतो, पण वस्तू वर्णनाप्रमाणे असायलाच हवी. ‘परत घेणार नाही’ असं लिहिलं म्हणून त्यातून सुटका होत नाही. डिलिव्हरीनंतर ३० दिवसांपर्यंत ग्राहक ‘वर्णनाप्रमाणे नाही’ अशी तक्रार नोंदवू शकतो. ‘हँडलचं ग्रिप झिजलेलं, तिसरा फोटो पाहा’ ही एक ओळ मला दोनदा उपयोगी पडली आहे.

घरी येऊन नेणारा ग्राहक

ईबेवर पैसे भरून कुणी वस्तू न्यायला आला तर त्याच्या ॲपमधला क्यूआर कोड स्कॅन करा किंवा त्याच्याकडचा सहा आकडी कोड तुमच्या ॲपमध्ये घाला. दारात उभ्या माणसाला ‘कोड दाखवा’ म्हणायला आपल्याला संकोच वाटतो. चहा-पाणी जरूर विचारा, पण कोड घेतल्याशिवाय बाबागाडी हातातून सोडू नका. कोड नसला तर ‘वस्तू मिळालीच नाही’ या तक्रारीला तुमच्याकडे उत्तर उरत नाही.

‘ईबे सोडून रोख देतो, फी वाचेल’ असं म्हणणारे भेटतात. लिस्टिंग ईबेवर असताना बाहेर व्यवहार करणं नियमात बसत नाही, अकाउंट जाऊ शकतं, आणि भांडण झालं तर ईबे मध्ये पडत नाही.

टॅक्सची भीती आणि खरा नियम

ॲपनं नॅशनल इन्शुरन्स नंबर मागितला की घरात घबराट होते. १ जानेवारी २०२४ पासून या कंपन्यांना विक्रेत्यांची माहिती गोळा करावी लागते आणि वर्षात ३० किंवा जास्त विक्री झाली, किंवा २,००० युरोंच्या, म्हणजे साधारण १,७०० पौंडांच्या वर रक्कम मिळाली, तर ती एचएमआरसीला, म्हणजे इथल्या करखात्याला, कळवावी लागते. माहिती जाणं म्हणजे टॅक्स लागणं नव्हे. स्वतःच्या वापरातल्या वस्तू घेतल्या त्याहून कमी किमतीला विकल्या तर त्यावर टॅक्स नाही. एकच वस्तू ६,००० पौंडांच्या वर गेली, उदाहरणार्थ जुना दागिना, तरच भांडवली नफ्याचा प्रश्न येतो.

वेगळी गोष्ट आहे ती विकण्यासाठीच आणलेल्या मालाची. पुण्याहून येताना दहा साड्या आणल्या आणि इथे नफ्यावर विकल्या, किंवा घरी मोत्यांच्या नथी करून विकल्या, तर तो व्यापार झाला. मग खासगी अकाउंट चालणार नाही, बिझनेस अकाउंट हवं. अशा व्यापारातून टॅक्सच्या वर्षात १,००० पौंडांहून जास्त उलाढाल झाली तर एचएमआरसीकडे नोंद करावी लागते. विद्यार्थ्यांनी इथे फारच जपून राहावं. स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदा करायला परवानगी नाही. स्वतःची सायकल विकणं ठीक, सायकली घेऊन विकणं नाही.

परत निघालेल्यांसाठी वेळापत्रक

इथून कायमचं निघणाऱ्या कुटुंबांची सगळ्यात जास्त दमछाक या नव्या पद्धतीत होते, कारण पैसे लगेच हातात येत नाहीत. डिलिव्हरी झाल्याचं ट्रॅकिंगवर दिसल्यानंतर साधारण दोन दिवसांनी ईबे रक्कम मोकळी करतं. डिलिव्हरीची खात्री होत नसेल तर चौदा दिवसांपर्यंत थांबावं लागतं. व्हिंटेडवर ग्राहकानं ‘सगळं ठीक’ दाबलं की लगेच मिळतात, नाहीतर डिलिव्हरीनंतर दोन दिवसांनी. त्यात पाठवायचे तीन-चार दिवस मिळवा.

विमानाच्या तारखेपासून मागे मोजा. आठ आठवडे आधी पुस्तकं, खेळणी, जादा भांडी लावायला सुरुवात करा, म्हणजे भाव पाडावा लागत नाही. पाच आठवडे आधी महागडी इलेक्ट्रॉनिक वस्तू विकून रवाना झालेली असावी, कारण ३० दिवसांची तक्रारीची मुदत तुम्ही इथे असतानाच संपायला हवी. तीन आठवडे आधी टपालानं जाणारी शेवटची वस्तू. त्यानंतर फक्त घरी येऊन नेणारे ग्राहक. गादी आणि फ्रिज शेवटच्या आठवड्यातच जाणार, त्यांची किंमत मनात आधीच निम्मी करून ठेवा आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. नव्यानं आलेलं एखादं जोडपं ते संध्याकाळपर्यंत नेतं, आणि तिथे कसलीच फी नाही.

बँकेचं खातं निघाल्यावर निदान दोन महिने चालू ठेवा. ब्रिटनचं सिमही त्याच काळापुरतं चालू ठेवा, कारण ईबेचा आणि बँकेचा कोड त्याच नंबरवर येतो.